भरती हाय का सुकती?

ठाणं सोडून गाडी कळव्याकडे निघाली की मिनिटभरात तिचा आवाज पोकळ होतो. डोळे मिटून बसलेल्यालाही कळतं, खाडी आली. मी डोंबिवलीच्या एका कारखान्यात हिशेब बघते. सकाळी सगळं जग मुंबईकडे धावत असताना उलट्या दिशेने जाते, त्यामुळे खिडकी हमखास मिळते. अशी २२ वर्षं मी त्या पुलावरून दिवसातून दोनदा जाते आहे. तरी तीन वर्षांपूर्वी कुणी विचारलं असतं, की खाडीचं पाणी दिसतं कसं, तर मी सांगू शकले नसते. हे मला कळलं ते खाडी करायला बसले तेव्हा.

आमच्या कोपरीच्या घरात मागच्या खोलीत ६ फूट बाय अडीच फुटांची प्लायवूडची फळी आहे. तिच्यावर रेल्वेचा लेआउट, म्हणजे रूळ-स्टेशनासकट छोटं मॉडेल आहे. सुरुवात मुलासाठी झाली. तो आठ वर्षांचा असताना आम्ही त्याला पुण्याला कोथरूडमधल्या जोशींच्या लघु रेल्वे संग्रहालयात नेलं होतं. परत येताना गाडीत तो एक शब्द बोलला नाही, नुसता हातांनी रुळांचे सांधे बदलत होता. मग एक छोटा सेट आला, रूळ वाढले, फळी वाढली. मुलगा मोठा झाला, त्याचं लक्ष दुसरीकडे गेलं. मी मात्र तिथेच राहिले. रात्री जेवणं आटोपली की तासभर मागच्या खोलीत बसायचं, हा माझा नेम झाला.

आमचं प्रमाण १:८७ आहे, जगभर ज्याला एचओ म्हणतात ते. या प्रमाणाचे रूळ १६.५ मिलिमीटर रुंद असतात, कारण ते युरोप-अमेरिकेतल्या १४३५ मिलिमीटरच्या रुळांवरून काढलेले आहेत. आपली ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरची. तिचं १:८७ केलं तर १९ मिलिमीटरहून थोडं जास्त येतं. म्हणजे माझ्या फळीवरची कल्याण लोकल जवळजवळ तीन मिलिमीटर अरुंद रुळांवरून धावते. ही चूक मी स्वीकारली आहे. सगळे रूळ हाताने ओढण्याइतकं आयुष्य माझ्याजवळ नाही. पण पाण्याबाबत मला अशी तडजोड करवेना.

मला करायचा होता ठाणे-कळवा पूल. १६ एप्रिल १८५३ ही तारीख ठाण्यातल्या शाळेत शिकलेल्या प्रत्येकाला पाठ असते. बोरीबंदरहून गाडी निघाली, ३४ किलोमीटर चालून ठाण्याला आली. पुढे खाडी होती. ती ओलांडून कल्याणपर्यंत गाडी जायला १ मे १८५४ उजाडला. ही दुसरी तारीख कुणी साजरी करत नाही, आणि मला नेहमी वाटतं की करायला हवी. सपाट जमिनीवर रूळ टाकणं आणि दिवसातून दोनदा वर-खाली होणाऱ्या पाण्यात, चिखलात पाया घालून खांब उभे करणं, यात फार अंतर आहे.

मुलाने एकदा विचारलं होतं, "आई, खरंच पाणी का नाही भरत?" चांगला प्रश्न होता. लाकूड फुगेल, डास होतील, ही घरगुती उत्तरं झाली. खरं कारण असं, की पाणी लहान करता येत नाही. नळाला लोंबकळणारा थेंब चार मिलिमीटरचा धरला, तर १:८७ च्या जगात तो ३५ सेंटिमीटरचा गोळा होतो, कलिंगडाएवढा. पाण्याच्या पृष्ठभागावर जो ताण असतो, तो आपल्या प्रमाणाला जुमानत नाही. काठाशी पाणी वर चढून वाकतं, बारीक लाटा उठायच्या ऐवजी जाड, सुस्त वळ्या पडतात, आणि खाडी न दिसता ताटात सांडलेलं पाणी दिसतं. लहान मॉडेलवर पाणी दाखवायचं तर ते पाण्याखेरीज दुसऱ्या कशाचं तरी करावं लागतं.

ते दुसरं काहीतरी म्हणजे बहुतेक वेळा रेझिन, ओतल्यावर हळूहळू कडक होणारा द्रव. त्याची परदेशातली रूढ पद्धत मी शिकले. थर्माकोलमध्ये खळगा कोरायचा, वर पीओपीचा हात द्यायचा, तळ रंगवायचा. मध्यभागी गडद निळा-हिरवा, काठाकडे येता येता फिका, वाळूच्या रंगाकडे झुकणारा. मग वर पारदर्शक इपॉक्सी रेझिन. खोली रेझिनमध्ये नसते, तळाच्या रंगात असते. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला फार आनंद झाला होता. (थर्माकोल वापरणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगून ठेवते. पॉलिएस्टर रेझिन थर्माकोलला विरघळवून टाकतं, इपॉक्सी तसं करत नाही. दुकानात दोन्ही "रेझिन" याच नावाने मिळतात. डब्यावरचं वाचून घ्या.)

पहिल्या ओतण्यात निम्मं रेझिन गेलं. पुलाच्या तिसऱ्या खांबाखाली स्क्रूचं एक जुनं भोक होतं, मी ते बुजवलं नव्हतं. रेझिन मधासारखं घट्ट दिसतं, पण त्याला २४ तास मिळतात, आणि तेवढ्या वेळात ते टाचणीएवढी वाटही शोधून काढतं. सकाळी फरशीवर काचेसारखी चकती जमली होती. भोक एम-सीलने बंद केलं, कडेला चिकटपट्टी लावली, पुन्हा ओतलं. दोन दिवसांनी खोका उचलून पाहिलं तर खाली निळंशार, नितळ, लखलखीत पाणी होतं. तळाचा खडा न् खडा दिसत होता. घरात सगळ्यांनी कौतुक केलं. सासूबाईंनी शेजारणीला बोलावून दाखवलं.

आणि बुधवारी मावशी आल्या.

मावशी चेंदणी कोळीवाड्यातल्या. आमच्या इमारतीत मासे घेऊन येतात त्याला तीस-बत्तीस वर्षं झाली असतील. सासूबाईंचा आणि त्यांचा भाव ठरेपर्यंत मी आतून पाणी आणून दिलं. मागच्या खोलीचं दार उघडं होतं. मावशींनी डोकावून पाहिलं, मग पदराला हात पुसत आत आल्या.

"ही कंची नदी गो?"

"नदी नाही मावशी, आपली खाडी. हा कळव्याचा पूल."

त्या वाकल्या. बराच वेळ बघत राहिल्या. मग त्यांनी विचारलं, "मंग हे पानी भरतीचं हाय का सुकतीचं?"

सुकती म्हणजे ओहोटी. मला उत्तर देता येईना. त्यांनी पाण्यात चिकटवलेल्या होडीवर बोट ठेवलं. "नि हिचं तोंड असं का? पानी कुठं चाललंय तुजं?"

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. होडी बघितल्यावर त्यांच्या डोक्यात पहिल्यांदा जे येतं, ते त्यांनी विचारलं होतं. नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, दोर बांधून उभी केलेली होडी प्रवाहाकडे तोंड करून राहते. ओहोटी असेल तर पाणी मुंबई बंदराकडे ओढलं जातं, मग होडीची नाळ उलट्या दिशेला. भरती लागली की होडी आपोआप फिरते. माझी होडी पुलाला आडवी उभी होती, फोटोत बरी दिसते म्हणून.

त्या रात्री मी लेआउटकडे नव्या डोळ्यांनी पाहिलं. स्टेशनच्या घड्याळात मी साडेपाच वाजवले होते. फलाटावरच्या माणसांच्या सावल्या संध्याकाळच्या होत्या, लोकल घरी जाणाऱ्यांनी भरलेली होती. सगळ्याला वेळ होती. फक्त पाण्याला नव्हती. मी डोंगरातलं एक थांबलेलं तळं पुलाखाली आणून ठेवलं होतं.

पुढच्या रविवारी मीठबंदर रस्त्याने खाडीपर्यंत गेले. आणि मग जातच राहिले. कधी नुसतं बघायला, कधी वही घेऊन. मावशींनी मला हिशेब शिकवला, जो किनाऱ्यावर पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. तिथीला तीनने गुणायचं, चारने भागायचं, जे येईल तितक्या वाजता भरती. अष्टमीला आठ त्रिक चोवीस, भागिले चार, म्हणजे सहा. अमावस्या-पौर्णिमेला सव्वा अकरा येतात, म्हणजे दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आत-बाहेर. हे मुंबईच्या किनाऱ्याचं. ठाण्यापर्यंत पाणी आत यायला आणखी थोडा वेळ लागतो. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. उधाणाला पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं, भांगाला दोन्ही बेताचंच. मी हिशेबाची बाई आहे. आकड्यांतून पाणी वर-खाली होताना पाहून मला जे वाटलं, ते मी कुणाला नीट समजावू शकलेले नाही.

मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाच्या भरती-ओहोटीत चार मीटरच्या आसपास फरक पडतो. १:८७ मध्ये ते झाले साडेचार सेंटिमीटर. माझ्या पुलाच्या खांबाची उंची सगळी मिळून नऊ. म्हणजे अर्धा खांब पाण्यातून बाहेर येतो आणि पुन्हा आत जातो, रोज दोनदा. त्या अर्ध्या भागाचा रंग वेगळा असायलाच हवा: खाली शेवाळाने काळा-हिरवा, त्याच्यावर कालवं चिकटून खरखरीत पांढुरका पट्टा, त्याच्या वर कोरडा दगड. मी सगळे खांब एकाच राखाडी रंगाने रंगवले होते.

पण मला सर्वांत जास्त शिकवलं ते चिखलाने.

गाडीतून बघताना चिखल एकरंगी वाटतो. काठावर तासभर उभं राहिलं की दिसतं, रंग खरंच फार बदलत नाही, बदलते ती चमक. पाणी नुकतंच जिथून उतरलंय तो चिखल आरशासारखा असतो, त्यात आभाळ दिसतं. त्याच्या वरचा, अर्ध्या-पाऊण तासापूर्वी उघडा पडलेला, रेशमासारखा मंद. आणखी वर तिवरांच्या मुळाशी तो मलूल, पिठासारखा, कुठे कुठे भेगाळलेला. पाणी जाऊन किती वेळ झाला ते चमकेवरून वाचता येतं. त्या चिखलात झाडाच्या फांद्यांसारख्या बारीक बारीक वाटा कोरलेल्या असतात, आणि ओहोटी किती तरी पुढे गेली तरी त्यांतून पाण्याची धार झिरपत राहते. निवट्यांची, म्हणजे चिखलात राहणाऱ्या माशांची, बिळं असतात, खेकड्यांची भोकं असतात. तिवरांभोवती चिखलातून हजारो काड्या उभ्या असतात. ती तिवरांची श्वास घेणारी मुळं. चिखलात हवा नाही, म्हणून झाड मुळं वर काढतं.

मी निळं पाणी काढून टाकलं. छिन्नीने, चार रात्री लागल्या. सासूबाई हळहळल्या. मुलगा म्हणाला, "आई, ते छान होतं गं." छान होतंच.

दुसऱ्या वेळी मी पाण्यापासून सुरुवातच केली नाही. आधी वेळ ठरवली. अमावस्येच्या जवळपासचा दिवस, स्टेशनच्या घड्याळात पाच, ओहोटी लागून चारेक तास झालेले. मग चिखल. भिंतीला लावायच्या पुट्टीत थोडं फेविकॉल आणि तपकिरी-काळा रंग कालवला, दोन्ही काठांना उतार दिला, आणि ती अर्धवट ओली असताना टाचणीने ओहोळ कोरले. ओहोळ वरून खाली कोरायचे नाहीत. खालच्या तोंडापासून वर जायचं आणि फांद्या फोडायच्या, मगच ते खरे दिसतात. बिळं सुईच्या टोकाने पाडली. तिवरांची मुळं खरी वीतभराच्या आत-बाहेर असतात, म्हणजे माझ्याकडे दीड-दोन मिलिमीटर. जुन्या टूथब्रशचे केस कापून चिमट्याने एकेक रोवले. सुमारे १,१०० रोवल्यावर मोजणं सोडलं. झाडं ४ ते ६ सेंटिमीटरची, वाळक्या तुळशीच्या काड्यांची, वर बारीक स्पंजचा पाला.

चमक शेवटी दिली. सगळ्या चिखलावर आधी मॅट वॉर्निश. मग पाण्यालगतच्या पट्ट्यावर ग्लॉसचे तीन हात, त्याच्या वर ग्लॉस आणि मॅट निम्मं-निम्मं, वरचा चिखल तसाच. कुठेही रेघ दिसता कामा नये. ओहोळांच्या तळाशी मात्र अगदी वरपर्यंत ग्लॉसची बारीक रेषा नेली. मला वाटतं, या सगळ्या कामात जे काही खरं उतरलं, ते त्या रेषेमुळे उतरलं.

रेझिन या वेळी जेमतेम चार मिलिमीटर लागलं, दोन थरांत. गढूळ पाण्याला खोली दाखवायची गरज नसते. १०० मिलिलिटरला तपकिरी अॅक्रेलिक रंगाचे तीन थेंब आणि काळ्याचा अर्धा. याहून जास्त घातलं की रेझिन नीट सुकत नाही. हळू ढवळायचं, फुगे वर आले की लायटरची ज्योत वरून झर्रकन फिरवायची, आणि झाकून ठेवायचं, कारण ठाण्याच्या हवेत धूळ नाही असा तास नसतो. आधी होडी ठेवली होती, नाळ कळव्याच्या पुढच्या वळणाकडे, पाठ मुंबईकडे. थर सुकल्यावर जेल मीडियमने, म्हणजे सुकल्यावर पारदर्शक होणाऱ्या घट्ट लेपाने, लाटा. खूप नाहीत. प्रत्येक खांबाच्या मुंबईकडच्या अंगाला इंग्रजी व्ही अक्षरासारखी उघडत जाणारी सुरकुती, बाकी पाणी शांत. पाणी कुठे चाललंय ते खांबांमागच्या सुरकुत्या सांगतात.

दुसरा थर मी जुलैत ओतला, आणि ती घाई झाली. सकाळी पाण्यावर तेलकट, दुधी पापुद्रा आला होता. पावसाळ्यात हे होतं: हार्डनरमधल्या (रेझिन कडक करायला त्यात मिसळतात तो द्रव) घटकाची हवेतल्या ओलाव्याशी आणि कार्बन डायऑक्साइडशी गाठ पडते आणि वर मेणासारखा थर येतो. मी घाबरले होते, पण तो पाण्यात विरघळणारा असतो. कोमट पाणी, थोडा साबण, मऊ कापड, दोनदा पुसून काढला. खाडी धुवायची वेळ आली होती. पश्चिमेकडचा भिंतीलगतचा कोपरा तेव्हापासून तसाच कोरडा ठेवला आहे. दसऱ्यानंतर हवा सुकली की भरीन.

एक गोष्ट मला उशिरा सुचली. वरून सरळ खाली बघितलं तर पाणी प्रकाशाचा शंभरातला दोन-एक भागच परत फेकतं, म्हणून पुलावरून खाडी तपकिरी दिसते. नजर जितकी खाली येते तितकं पाणी आरसा होत जातं, म्हणून मीठबंदराच्या काठावरून तीच खाडी रुपेरी. माझ्या खाडीत मात्र ट्यूबलाइटची पांढरी पट्टी दिसत होती. ट्यूब काढून मागच्या भिंतीकडे वळवली, मागचा पडदा फिकट राखाडी रंगवला आणि फळी छातीच्या उंचीवर नेली. आता खुर्चीवर बसून बघितलं की त्या चार मिलिमीटर रेझिनमध्ये संध्याकाळचं आभाळ येतं आणि खांबांची प्रतिबिंबं लांबत जातात.

रोहित पक्षी मात्र ठेवले नाहीत. बऱ्याच जणांनी सुचवलं. ठाणे खाडी २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०२२ मध्ये तिला रामसर क्षेत्राचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला, आणि ऐरोलीच्या बाजूला ते हजारोंनी उतरतात हे मीही पाहिलं आहे. १:८७ मध्ये एक पक्षी दीड सेंटिमीटरचा होतो, गुलाबी रंगाने सगळा लेआउट उठून दिसला असता. पण या पुलाखाली मी त्यांना कधी पाहिलेलं नाही. पाहिले आहेत ते बगळे, म्हणून तीन बगळे आहेत. आणि गाडीच्या दारातून लोक भक्तिभावाने फेकतात त्या निर्माल्याच्या पिशव्या रोज पाहते. त्याही आहेत, पाच, तिवरांच्या मुळांत अडकलेल्या. त्या चिकटवताना मला वाईट वाटलं. पण न चिकटवता माझी खाडी पूर्ण झाली नसती.

मावशी गणपतीनंतर आल्या. मधले दोन महिने आल्या नव्हत्या, गुडघे धरले होते. मीच म्हटलं, जरा आत या. मी काही सांगितलं नाही. चिखलात ठेवायची दुसरी होडी अजून चिकटवायची होती. कललेली, पाण्याची वाट बघणारी. ती मी सध्या दुसऱ्या खांबाजवळ, अगदी चमकत्या पट्ट्यावर नुसती टेकवून ठेवली होती.

त्या खुर्चीवर बसल्या, त्यामुळे नजर बरोबर पाण्याच्या रेषेत आली. खांबांवरून, सुरकुत्यांवरून, चिखलावरून त्यांची नजर सावकाश फिरली. भरती की सुकती हे त्यांनी या वेळी विचारलं नाही. मग हात लांब करून दुसऱ्या खांबाजवळचा तो चकचकीत भाग त्यांनी दाखवला. लावायचा नाही, नुसता दाखवायचा, असा हात.

"हितं होडी नको लावू पोरी. हितून उतरशील तर कमरेपातूर जाशील."

मी होडी उचलली आणि दोन सेंटिमीटर वर, मंद चमकेच्या चिखलात ठेवली. मावशींनी मान हलवली.